खुले पत्र: विधवेसाठी बांधलेलं घर आणि दुरुस्तीवरचा २० टक्के कर

प्रति,
मा. वारसा खात्याचे मंत्री, ब्रिटन सरकार, लंडन

सन्माननीय मंत्रिमहोदय,

आमचं डाउअर हाउस सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत आहे. त्याच्या छपराची पन्हळ बदलण्याच्या परवानगीचा आमचा अर्ज नगरपालिकेत पडून २३ आठवडे झाले. मुदत ८ आठवड्यांची. परवा पुन्हा तेच उत्तर आलं, 'विचाराधीन'. तोवर वरच्या मजल्याचं छत फुगलंय. इंग्लंडच्या अशा जुन्या घरांत आता मराठी कुटुंबंही राहतात, म्हणून हे पत्र मराठीतही देते आहे.

डाउअर हाउस म्हणजे जहागीरदार वारला आणि थोरला मुलगा मोठ्या घराचा मालक झाला, की त्याच्या आईने राहायला जायचं घर. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचं उत्पन्न हयातभर मिळे. तो हक्क १९२५ मध्ये संपला, घरं उरली. ब्रिस्टलच्या स्टोक पार्कमधलं पिवळं डाउअर हाउस मोटरवेवरून दिसतं, म्हणून ते लोकांना माहीत. बाकीची बरीचशी साधी, विटांची. तिकीट लावून दाखवावीत अशी नाहीत, आणि जमिनीचं उत्पन्नही त्यांच्यामागे राहिलेलं नाही. जो राहतो त्यानेच खर्च करायचा.

जॉर्जियन काळातल्या, म्हणजे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या घरांत छप्पर कठड्यामागे लपवलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये शिशाची पन्हळ. शिसं उन्हाने पसरतं, थंडीने आकसतं. म्हणून ३.१५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे कोड ७ चा पत्रासुद्धा पन्हळीत अडीच मीटरपेक्षा लांब घालायचा नाही आणि दर तुकड्यानंतर ५० ते ६० मिलिमीटरची पायरी द्यायची. काम स्वस्तात उरकणारे चार-पाच मीटरचा एकच पत्रा अंथरतात. तो मधोमध फुगतो, मग चिरतो. चीर केसाएवढी, पण पाणी थेट भिंतीत बसलेल्या तुळईच्या टोकावर जातं. टोक आतून कुजत राहतं आणि खालून पाहावं तर रंग शाबूत!

भिंतींचं दुखणं नंतर सांध्यांत भरलेल्या सिमेंटचं. जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. ओल सांध्यांतून बाहेर पडायची ती विटेतून पडते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा दर्शनी भाग पोपड्यांसारखा सुटतो. उपाय ठरलेला आहे: सांधे हाताने २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडायचे, वीट भिजवायची, एक भाग एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक) चुना आणि तीन भाग खरखरीत वाळू घेऊन सांधे पुन्हा भरायचे, वर ओलं गोणपाट टांगायचं. घाण्यात चुना मळून वाडे बांधणाऱ्या आपल्या गवंड्यांना हे सांगावं लागलं नसतं.

ही कामं अशीच व्हावीत, हा तुमच्याच १९९० च्या संरक्षित इमारतींच्या कायद्याचा आग्रह. घराचं रूप बदलणारं काम परवानगीवाचून केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि कायदा पाळून दुरुस्ती केली की तिच्यावर २० टक्के व्हॅट! शेजारच्या शेतात नवं घर बांधलं तर शून्य. मंजूर बदलांना असलेली शून्य दराची सवलतही १ ऑक्टोबर २०१२ ला काढून घेतलीत. घर दोन वर्षं रिकामं ठेवलं, तर दर ५ टक्क्यांवर येतो. म्हणजे आम्ही घर सोडून जावं, असंच सरकारला हवं आहे का?

कर अर्थखात्याचा, यादी वारसा खात्याची, परवानगी नगरपालिकेची, पैसा आमचा. जुन्या बांधकामाची पारख असलेले अधिकारी नगरपालिकांतून कमी होत गेले आणि फायली तुंबल्या. इंग्लंडच्या संरक्षित यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत. त्यांतल्या दहापैकी नऊ ग्रेड टूच्या, म्हणजे तीन श्रेणींतल्या सर्वांत खालच्या. राजवाडे नव्हेत, त्यांत कितीतरी राहती घरं.

माणसं राहत असतानाच या घरांच्या दुरुस्तीला ५ टक्के दर लावा. ८ आठवड्यांत उत्तर न देणाऱ्या नगरपालिकेला जाब विचारा. पाच अंश सेल्सियसखाली चुन्याचं काम करता येत नाही. परवानगी ऑक्टोबरनंतर आली, तर वसंतापर्यंत थांबावं लागेल. आज सकाळी तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. तो चार इंच आत गेला.

आपली,
एका डाउअर हाउसमधली रहिवासी