गाईडच्या मुलींची नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यावी

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातवी उत्तीर्ण झालेल्या मुली जूनमध्ये गावातली जिल्हा परिषदेची शाळा सोडून बाजारगावच्या हायस्कुलात आठवीला जातात. या शाळाबदलाची चर्चा आपल्याकडे एसटीचा पास, सायकल, वह्यापुस्तके आणि गणवेश यांच्यापुढे सहसा सरकत नाही. या गोष्टी आवश्यकच आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आणि काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या नसत्या तर वाडीवस्तीवरच्या कितीतरी मुली सातवीनंतर घरीच बसल्या असत्या, हे मी ग्रामीण भागात अनेक वर्षे शिकवल्यामुळे जाणते. परंतु बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळा बदलते तेव्हा तिच्या मैत्रिणींचे काय होते आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती नव्या वर्गात कोणाच्या आधाराने उभी राहते, हा प्रश्न ना प्रवेशाच्या अर्जात असतो ना पालकसभेत. या प्रश्नावर आपल्या शाळांच्या हाताशी एक चांगला उपाय आहे. तो म्हणजे शाळेतले गाईड पथक, म्हणजेच स्काऊट-गाईड चळवळीतले मुलींचे पथक. हा उपाय नेमका गरजेच्या वेळीच निकामी का होतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गावाकडच्या बहुतेक हायस्कुलांत वर्ग पाचवीपासून असतात. त्यामुळे त्याच गावात राहणाऱ्या मुली आठवीत येईपर्यंत तीन वर्षे एकत्र शिकलेल्या असतात. त्यांचे बाक ठरलेले असतात, डबा खाण्याची जागा ठरलेली असते, कोणाची कोणाशी कट्टी आणि कोणाची बट्टी हेही ठरलेले असते. अशा वर्गात आसपासच्या वाड्यांवरून पाच-सहा मुली नव्याने येतात. त्यातही सेमी इंग्रजी आणि मराठी अशा तुकड्या पडल्या की एकाच वाडीवरून एकाच गाडीने येणाऱ्या दोघी जिवलग मैत्रिणी वेगवेगळ्या तुकड्यांत जाऊन बसतात. तुकडी ठरवताना गुण पाहिले जातात. चौथीपासून एका बाकावर बसलेल्या मुलींना निदान एका वर्गात ठेवावे, असे कोणाच्या मनातही येत नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकटीच डबा उघडणारी आठवीतली मुलगी बहुतेक शिक्षिकांनी पाहिलेली असते. ‘रुळेल हळूहळू’ असे आपण म्हणतो आणि पुष्कळशा मुली रुळतातही. काही मुली मात्र आधी गैरहजर राहू लागतात, मग त्यांची पोटदुखी वाढते, आणि दिवाळीनंतर कधीतरी घरून निरोप येतो की आता शिवणक्लासला घातले आहे. या गळतीची कारणे अनेक असतात. त्यांत एकटेपणाही असतो, पण शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात त्यासाठी रकाना नाही.

गाईड पथकाची बांधणीच मुळी अशा मुलीला सामावून घेण्यासाठी केल्यासारखी आहे. पथकात साधारण ३२ मुली असतात आणि त्यांचे ६ ते ८ जणींचे संघ पाडलेले असतात. प्रत्येक संघाला एखाद्या फुलाचे नाव आणि एक संघनायिका असते. साठ जणींच्या वर्गात एखादी मुलगी दिसेनाशी होऊ शकते, सात जणींच्या संघात ती होऊ शकत नाही. शिवाय संघात गप्पांच्या आधी काम येते, आणि लाजऱ्या मुलीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. तंबूचा एक दोर एकीने ताणून धरल्याशिवाय दुसरीला खुंटी ठोकता येत नाही. त्रिकोणी पट्टीने हाताची झोळी बांधायला शिकायचे तर कोणीतरी जखमी व्हावेच लागते, आणि त्या खोट्या जखमेवरून जे हसे होते त्यात ओळख कधी झाली हे कळतही नाही. बिनभांड्याच्या स्वयंपाकात निखाऱ्यावर बटाटे भाजताना वाडीवरची मुलगी सहज पुढे होते, आणि ज्या मुलींनी घरी गॅसशिवाय काही पाहिलेले नाही त्या तिच्याकडून जाळ फुंकायला शिकतात. (संघनायिकेने मात्र दर वेळी तिलाच चुलीपाशी बसवू नये, नकाशा आणि होकायंत्रही तिच्या हाती यायला हवे.) ‘खरी कमाई’च्या दिवशी भेळेचा स्टॉल लावून चार पैसे मिळवायचे आणि त्यांचा हिशेब लिहायचा, हे काम ज्या दोघींनी एकत्र केले त्यांना एकमेकींशी अबोला धरायला पुढे बराच वेळ मिळत नाही.

संघ पाडताना नव्या मुलींचे काय करावे, याबद्दल गाईड कॅप्टनमध्ये, म्हणजे पथक चालवणाऱ्या शिक्षिकांमध्ये, दोन मते असतात. एका वाडीच्या सगळ्या मुली एका संघात ठेवल्या तर त्यांचा वेगळा कंपू होतो आणि त्या शेवटपर्यंत ‘तिकडच्या’ राहतात, हे खरे आहे. सगळ्यांना विखुरले तर प्रत्येक जण एकटी पडते, हेही तितकेच खरे आहे. माझ्या मते एका गावच्या दोघींना एका संघात ठेवावे, तिघींना किंवा चौघींना नाही. जोडीला धीर असतो, आणि आठ जणींमध्ये दोघींना आपापसांत फार काळ कुजबुजत बसता येत नाही. या वयातल्या मुलींची भांडणे मोठ्यांना क्षुल्लक वाटतात; मुलीला मात्र ‘तिने मला वाढदिवसाला बोलावले नाही’ हे दुःख आठवडाभर पुरते. पथकात संघनायिकांची बैठक असते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. तिथे कॅप्टनने कमी बोलायचे आणि मुलींनी जास्त, असा शिरस्ता आहे. तो मनापासून पाळला तर वर्गशिक्षिकेच्या कानावर कधीही न जाणाऱ्या कुरबुरी तिथे मिटतात. गाईडच्या नऊ नियमांपैकी तिसरा नियम असा आहे की गाईड सर्वांची मैत्रीण आणि प्रत्येक गाईडची बहीण असते. हा नियम पाठ म्हणून घेणे सोपे आहे. नव्या मुलीला आपल्या संघात घेताना तो अमलात येतो.

आता अडचण सांगते. गाईडमध्ये मुलगी साधारण दहाव्या वर्षी, म्हणजे पाचवीच्या सुमारास येते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यासाठी काही महिने काम करावे लागते. सगळे सुरळीत चालले तरी तृतीय सोपानापर्यंत पोचायला दोन वर्षे सहज लागतात. पाचवीत सुरुवात केलेली मुलगी सातवीच्या अखेरीस तिथवर येते आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात तिची शाळा बदलते. पुढचा टप्पा राज्य पुरस्काराचा, तो नव्या शाळेतून व्हायचा असतो. पण तिने आधी काय केले आहे, याचा कागद नव्या शाळेत पोचतच नाही. जुन्या शाळेच्या कपाटात तिचे प्रगतिपत्रक पडून राहते. हायस्कुलातल्या कॅप्टनला तिच्याविषयी काहीच ठाऊक नसते, आणि पथकाची संख्या पाचवी ते सातवीतून आलेल्या आपल्याच मुलींनी भरलेली असल्यामुळे नव्या मुलींना ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी ती नववीत असते आणि मग तिला कोणी विचारत नाही. जी मुलगी जुन्या शाळेत संघनायिका होती, जिने लहान मुलींना रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या दोराच्या गाठी बांधायला शिकवल्या, ती नव्या शाळेत ध्वजवंदनाच्या वेळी गाईडची रांग दुरून पाहत उभी राहते.

मुलगी शाळा बदलते तेव्हा तिचे गुण, तिचा आधार क्रमांक, तिची जन्मतारीख आणि जातीची नोंद असे सारे दाखल्याबरोबर किंवा शाळांची माहिती ठेवणाऱ्या यू-डायसच्या पोर्टलवरून नव्या शाळेत जाते. तिने दोन-तीन वर्षे मेहनतीने मिळवलेली गोष्ट तेवढी मागे राहते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेरा लिहिण्यासाठी जागा असते. त्या जागेत ‘गाईड, तृतीय सोपान पूर्ण’ एवढे लिहायला मुख्याध्यापकांना अर्धा मिनिट लागेल. सोबत प्रगतिपत्रकाची सहीशिक्क्याची प्रत द्यावी, आणि हायस्कुलाने असा शेरा असलेल्या मुलीला पहिल्या महिन्यातच पथकात घ्यावे. स्काऊट-गाईडच्या जिल्हा संस्थेने एका परिपत्रकाने हे ठरवून दिले तर त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही. पथक भरलेले असेल तर दुसरे पथक काढता येते. शाळेबाहेरची खुली पथके चालवण्याची सोयही भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत आहे. तीन-चार लहान शाळांच्या मुलींना शनिवारी एकत्र आणणारे असे एखादे खुले पथक केंद्रशाळेत चालले, तर सातवीपर्यंत वेगवेगळ्या वाड्यांवर शिकणाऱ्या मुली आठवीत एका वर्गात येण्यापूर्वीच एकमेकींना ओळखत असतील. पटसंख्येअभावी लहान शाळांच्या एकत्रीकरणाच्या योजना अधूनमधून पुढे येतात. त्या योजनांबद्दलचे मतभेद बाजूला ठेवले तरी ज्या मुलींना शाळा बदलावी लागणार आहे त्यांची आधी ओळख करून देण्याचे काम तर आजच सुरू करता येईल.

प्रशिक्षित कॅप्टन नसणे हा दुसरा अडसर आहे. पथकाला प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका लागते. बेसिक कोर्स झालेल्या शिक्षिका मोजक्या असतात आणि त्यांची बदली झाली की पथक बहुधा कागदावरच उरते. प्रत्येक केंद्रात निदान दोघींचे प्रशिक्षण व्हावे, म्हणजे एकीची बदली झाली तरी पथक चालू राहील. शिबिरासाठी मुलींना रात्री पाठवायला पालक कचरतात, तेव्हाही त्यांना दोन ओळखीच्या शिक्षिका दिसल्या तर होकार लवकर मिळतो. शिबिराच्या जागी स्वच्छतागृह आणि पाणी आहे की नाही हे आधी पाहून यावे. या वयात अनेकींना नुकतीच पाळी सुरू झालेली असते, आणि ही एक गैरसोय झाली की मुलगी पुन्हा शिबिराला येत नाही. कारणही सांगत नाही.

गणवेशाबद्दल थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२४-२५ या वर्षी राज्यात मोफत गणवेशांपैकी एक स्काऊट-गाईडच्या धर्तीचा द्यायचे ठरले. कापड आले, शिलाईसाठी शंभर रुपयांच्या आसपास रक्कम आली, त्या पैशात शिवून देणारा शिंपी शोधताना शाळा व्यवस्थापन समित्या थकल्या, आणि पुढे ती व्यवस्थाच बदलावी लागली. त्या काळात गाईडचा पोशाख अंगावर असलेल्या असंख्य मुलींनी गाईडचा एकही तास पाहिला नव्हता. उलट मोफत गणवेशाची योजना शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरती असल्यामुळे, जी खरोखर गाईड आहे ती मुलगी खाजगी अनुदानित हायस्कुलात गेली की तिला तोच पोशाख विकत घ्यावा लागतो. पथकाने खरी कमाईतून चार-पाच गणवेश शिवून ठेवावेत आणि ते एकीकडून दुसरीकडे जावेत. स्कार्फ तर नक्कीच ठेवता येतील.

आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, अभ्यास वाढतो, आता हे खेळ कशाला, असे पालक म्हणतात. त्यांना मी दहावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची आठवण करून देत असे. गुणांसाठी मुलीने गाईडमध्ये यावे हे मला मुळीच पसंत नाही, पण पालकांचा होकार मिळवण्यासाठी हा युक्तिवाद उपयोगी पडतो हे मान्य करते. पोरीबाळींनी शिट्ट्या वाजवत माळावर हिंडायचे, ही नाराजी तर चळवळीइतकीच जुनी आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काऊट मेळाव्यात न बोलावता हजर झालेल्या मुलींमुळे गाईडची सुरुवात झाली. आपल्या देशात पहिले पथक १९११ साली जबलपूरला निघाले आणि १९५१ मध्ये गर्ल गाईड संघटना भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये सामील झाली. जगभरच्या गाईड मुलींसाठी असलेल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे. परदेशातल्या मुली तिथे येऊन राहतात. तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या हायस्कुलातल्या गाईडला मात्र त्याचे नावही ठाऊक नसते. दरवर्षी २२ फेब्रुवारीला जगभरच्या गाईड एकमेकींची आठवण करतात आणि पत्रे पाठवतात. त्या दिवशी प्रत्येक पथकाने शाळा बदलून गेलेल्या आपल्या मैत्रिणींना एकेक पोस्टकार्ड लिहिले तरी त्या दिवसाचे चीज होईल.

यंदाचे दाखले देऊन झाले आहेत, तेव्हा शेऱ्याची मागणी पुढच्या एप्रिलसाठी आहे. परंतु सातवीतून गेलेल्या मुलींची प्रगतिपत्रके अजून जुन्या शाळांच्या कपाटांत असतील. केंद्रप्रमुखांच्या मासिक बैठकीत ती एकमेकांच्या हाती देता येतील, आणि १५ ऑगस्टच्या संचलनात त्या मुलींना नव्या शाळेच्या पथकातून चालता येईल. संबंधितांनी एवढे मनावर घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व गाईड कॅप्टन
सातारा जिल्हा