बाळंतिणीला 'दूध पुरत नाही' म्हणू नका

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत बाळंतिणीच्या आहारावर आलेला लेख वाचला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, सगळं त्यात होतं आणि हे खाल्लं की दूध भरपूर येतं, असा शेवट होता. सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून माझी 31 वर्षं गेली. लाडवांना माझा विरोध नाही. अळिवात लोह असतं, तिळात कॅल्शियम असतं, आणि थकलेल्या बाईला कुणी प्रेमाने करून घालतंय याचं मोल फार मोठं आहे. पण घरात लाडवांचा डबा भरलेला असताना 'दूध पुरत नाही' म्हणून पावडरच्या डब्यावर गेलेली कितीतरी बाळं मी पाहिली. ती का गेली, हे त्या लेखात यायला हवं होतं.

बहुतेक वेळा हे दुसऱ्या रात्री घडतं. पहिला दिवस बाळ झोपून काढतं. दुसऱ्या रात्री ते जागं होतं आणि तासातासाला, कधी अर्ध्या तासाला प्यायला मागतं. छातीशी घेतलं की शांत, खाली ठेवलं की रडायला सुरुवात. खोलीत आई, सासू, मावशी, आत्या सगळ्या जमलेल्या असतात. कुणीतरी म्हणतंच, "लेकरू उपाशी आहे गं, हिला दूधच नाही." बाळंतीण तोंड भिंतीकडे करून रडते. उजाडेपर्यंत बाटली आलेली असते.

माझ्या लेकीच्या वेळीही हेच झालं. सिझर झालेलं, खासगी दवाखाना. रात्री दीडच्या सुमाराला ड्यूटीवरच्या मुलीने पावडरचा डबा आणायची चिठ्ठी हातात दिली आणि जावई चप्पल घालून निघालेसुद्धा. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना दुखवायचं नव्हतं, नातवासाठी त्यांचाही जीव तुटत होता. मी म्हटलं, "विहीणबाई, मला एक तास द्या." लेकीला कुशीवर वळवलं, टाक्यांना धक्का लागू नये म्हणून पोटाशी उशी लावली. बाळाचं अंगडं काढून त्याला तिच्या उघड्या अंगाशी घेतलं, वरून चादर घातली. बाळ नुसतं बोंड चोखत होतं. त्यामुळे तिला कळ येत होती आणि त्याला मिळत काही नव्हतं. त्याने जांभईसारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबलो, मग काळ्या भागासकट आत दिलं. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. थोड्या वेळाने गिळल्याचा बारीक आवाज आला. विहीणबाईंनीच तो आधी ऐकला. नंतर मी दोन थेंब चमच्यात काढून दाखवले, पिवळे, चिकट. त्या म्हणाल्या, "एवढंसंच?"

पहिल्या दिवसाला एवढंसंच पुरतं. तेव्हा बाळाचं पोट करवंदाएवढं असतं, चहाच्या चमच्याभर चिकाने ते भरतं. आमच्याकडे गाय-म्हैस व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटतात. वासराला आधी चीक पाजा, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि त्याच घरात बाळंतिणीचा चीक 'साचलेला, नासका' म्हणून तीन दिवस मोरीत पिळून टाकलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं त्या पिवळ्या थेंबांत सगळ्यात जास्त असतात.

दुसऱ्या रात्री बाळ सारखं ओढतं, ते आईच्या शरीराला दूध करायला सांगत असतं. जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, आणि दूध करणारं संप्रेरक रात्री जास्त पाझरतं. म्हणून रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, सिझरनंतर कधी एखादा दिवस उशिरा. त्याआधीच बाटलीने पोट भरलं तर बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध खरंच कमी होतं, आणि मग म्हणणारे म्हणतात, "बघ, आम्ही सांगितलं नव्हतं?"

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, तर त्याला पुरतंय. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच. 3 किलोचं बाळ तिसऱ्या दिवशी पावणेतीन भरलं तर घाबरू नका, दहा-पंधरा दिवसांत ते भरून निघतं. त्यापेक्षा जास्त उतरलं, बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काही आयांना खरोखरच दूध कमी असतं, काही बाळं फार लवकर जन्मतात. त्यांच्यासाठी मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. अशा आईला दोष देण्याचं काही कारण नाही. पण ते तपासून ठरवावं, रात्री दीड वाजता रडण्यावरून ठरवू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे मला अस्वस्थ करतात. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालं फक्त 41.8 टक्के बाळांना. म्हणजे सगळा दोष गावातल्या म्हाताऱ्यांच्या माथी मारता येणार नाही, आम्ही शिकलेलेही कमी पडलो. पावडरची जाहिरात करायला, तिचे फुकट नमुने द्यायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. तरीही डबा पहिल्याच रात्री सुचवला जातो.

बाकीच्या समजुतींपैकी काही निरुपद्रवी आहेत. कानात कापूस, डोक्याला रुमाल यांनी कुणाचं बिघडत नाही. सव्वा महिन्याची विश्रांती तर मी प्रत्येक सुनेला मिळावी म्हणेन, फक्त विश्रांती म्हणजे सारखं पडून राहणं नव्हे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं चालायलाच हवं. 'पाणी कमी पी, पोट सुटेल' हे मात्र बंद करा, पाजणाऱ्या बाईला तहान लागते. दारं-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवू नका, त्या धुराने माय-लेकरू दोघांचा जीव जाऊ शकतो. सोन्याच्या काडीने मध चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. सहा महिने गुटी नको, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नको. आणि 'अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत' यावर विसंबून वर्षाच्या आत पुन्हा पोटुशी राहिलेल्या मुली माझ्याकडे रडत आल्या आहेत.

ताप आला की 'वारं शिरलं' म्हणायची पद्धत सगळ्यात महागात पडते. माझ्या हद्दीतल्या एका मुलीचा ताप घरच्यांनी असाच सहा दिवस अंगावर काढला, धुरी दिली, शेकलं. मी गेले तेव्हा अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी येत होती. पिशवीत जंतुसंसर्ग झालेला. वाचली, पण मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. ताप, दुर्गंधी, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाला सूज, यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा. आणि बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही रडत असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर तिला देवऋष्याकडे नेऊ नका. ते आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत.

माझी एक विनंती आहे. पुढच्या पुरवणीत पाककृतींच्या शेजारी एक छोटी चौकट छापा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई सहा वेळा येतात: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. पहिली भेट नेमकी त्या दुसऱ्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी असते. ती आली नाही तर तिला बोलावून घ्या, आणि ती येईपर्यंत डबा फोडू नका, एवढं त्या चौकटीत लिहा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जि. सातारा