माझ्या लेकीला आधी विचारणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात पंचवटीहून १३ वर्षांच्या मुलीला एचपीव्हीच्या, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूवरच्या लसीसाठी घेऊन आलेली बाई मी. आम्ही तुमच्या लक्षात असू-नसू, पण तुमचे आभार मानल्याशिवाय मला चैन पडेना.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे सगळ्या पेशंटसमोर ऐकवलं, 'एवढ्यात कशाला? लग्न ठरवताय का हिचं?' पोरगी मान खाली घालून बाहेर पडली. ही लस ९ ते १४ या वयात, विषाणूशी संबंध यायच्या आधी घेतली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते, हे ज्यांनी आम्हाला सांगायचं त्यांनीच असं बोलावं? माझी निफाडची मावशी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली. मधेच अंगावरून जायचं, पण लाजेपायी तिने कित्येक महिने कोणाला सांगितलं नाही. ही लाज अशाच बोलण्यातून बायकांच्या अंगात मुरते. मला अजून संताप येतो.

आणि तुम्ही! इंजेक्शन हातात घेतलंत तेवढ्यात लेक पुटपुटली, 'याने पुढे मूल होत नाही ना?' शाळेत कुणीतरी डोक्यात भरवलेलं. मी बोलायला लागले तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत. ट्रे बाजूला सरकवला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात आणि केसपेपरच्या मागे पेनाने गर्भपिशवी काढलीत. 'हे तिचं तोंड. विषाणू इथे बसतो. बहुतेक वेळा शरीरच त्याला एक-दोन वर्षांत हुसकावतं. पण त्याच्या प्रकारांपैकी १६ आणि १८ नंबरचे चिवट. ते ठाण मांडून बसले तर १५-२० वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. लस त्यांना आधीच अडवते. मूल होण्यात तिने काही अडचण येत नाही.' मग विचारलंत, 'आता देऊ का?' आणि ती 'हो' म्हणेपर्यंत खरंच थांबलात. बाहेर रांग होती तरी.

मुलीच्या शरीराबद्दल आपल्याकडे आई बोलते, आजी बोलते, डॉक्टर बोलतात. तिला कोण विचारतं? तुम्ही विचारलंत. अशी माणसं भेटली की दवाखान्याची निम्मी भीती तिथेच जाते.

तो केसपेपर ती आता मैत्रिणींना दाखवत फिरतेय. 'ताई, गर्भपिशवीच्या तोंडाची तिशीनंतरची तपासणी तुमचीही राहायला नको, आणि लस घेतली तरी हिलाही पुढे ती करावीच लागेल,' असं तुम्ही मला म्हणालात ना, त्याप्रमाणे मी काल तपासणी करून आले.

सहा महिन्यांनी दुसऱ्या डोसला येतोच. शेजारची मुलगी आणि तिची आईही सोबत असतील. त्या आईच्या मनात खूप शंका आहेत. तिच्याशीही असंच बोला.

तुमची,
एक आई