इफ्फीला जाणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या रसिकांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर जवळ आला की सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या सिनेमावेड्या मंडळींत एकच विषय निघतो: यंदा गोव्याला जायचे का? भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच इफ्फी, १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि २००४ पासून पणजीत भरतो. बहुतेक वर्षी तारखा २० ते २८ नोव्हेंबर असतात. म्हणजे निदान एक शनिवार-रविवार हमखास त्यात सापडतो. आपल्याकडून रजा न टाकता, एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घेऊन हा महोत्सव रेल्वेने करता येतो. तरीही दर वर्षी अनेकांचा बेत ऐनवेळी फिसकटतो. त्याची कारणे बरीचशी टाळता येण्याजोगी आहेत, म्हणून हे पत्र.

गाडी एकच लक्षात ठेवावी: हजरत निजामुद्दीन-वास्को गोवा एक्स्प्रेस. ती रोज धावते आणि पुणे, सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, लोंढा, कुळे असे करत गोव्यात उतरते. शुक्रवारी संध्याकाळी साताऱ्यात, रात्री नऊ-दहाच्या सुमारास सांगली-मिरजेत आणि शनिवारी पहाटे मडगावला. परतीची गाडी दुपारी तीनच्या सुमारास वास्कोहून सुटते, मडगाव पाऊण तासाने. रविवारी रात्री माणूस सांगलीत घरी. पणजीसाठी शोध घेतला की करमळी स्टेशन पुढे येते आणि काही जण तिथेच घोटाळा करतात. करमळी कोकण रेल्वेवर आहे, आपली गाडी तिथे जात नाही. तिकीट मडगावचेच काढावे. वास्कोहूनही पणजी साधारण तेवढीच दूर आहे, पण मडगावहून बसची सोय जास्त.

आता आरक्षण. इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. पण हे ६० दिवस आपल्या स्टेशनवरून मोजले जात नाहीत. गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून ते मोजतात. गोवा एक्स्प्रेस सांगलीत येते ती निजामुद्दीनहून आदल्या दिवशी निघालेली असते. समजा, शुक्रवार २० नोव्हेंबरला सांगलीत बसायचे आहे. गाडीची तारीख १९ नोव्हेंबर ठरते आणि आरक्षण २१ सप्टेंबरला नव्हे, २० सप्टेंबरला सकाळी ८ वाजता उघडते. परतीची गाडी वास्कोहून सुटते आणि आपण त्याच दिवशी बसतो. त्यामुळे रविवार २२ नोव्हेंबरचे तिकीट २३ सप्टेंबरला मिळू लागते. तत्काळलाही हाच नियम आहे. शुक्रवारी रात्री सांगलीत बसणाऱ्याने गुरुवारी सकाळी संगणकासमोर बसून उपयोग नाही, त्याचे तत्काळ बुधवारीच उघडून गेलेले असते: एसीचे १० वाजता, स्लीपरचे ११ वाजता. आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून पडताळणी आधीच करून ठेवावी. ती नसेल तर आरक्षण उघडण्याच्या सुरुवातीच्या वेळेत ऑनलाइन तिकीट काढता येत नाही, आणि तत्काळ तर मुळीच नाही.

सांगलीहून वेटिंग मिळाले तर ते पुढे सरकेलच असे धरून चालू नये. मोठा कोटा लांबच्या, म्हणजे निजामुद्दीनहून बसणाऱ्या प्रवाशांसाठी असतो. मधल्या स्टेशनांना रिमोट किंवा पूल्ड कोटा मिळतो आणि तो लहान असतो. त्याच कोट्यातले कोणी तिकीट रद्द केले तरच आपला नंबर सरकतो. त्यामुळे मुख्य यादीतले वेटिंग तीस आणि आपल्या कोट्यातले वेटिंग सात यांत सात हा आकडा लहान दिसला तरी पुष्कळदा तोच जास्त अवघड असतो.

दोघे जाणार असाल तर दोघांचे तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच तिकीट क्रमांकावर काढावे. ई-तिकिटावर सगळेच प्रवासी वेटिंगमध्ये राहिले तर चार्ट लागल्यावर तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात आणि त्या तिकिटावर प्रवास करता येत नाही. एकाचे जरी पक्के झाले तरी दुसऱ्याचे नाव चार्टमध्ये राहते आणि दोघांना जाता येते. वेगवेगळी तिकिटे काढली की एक गाडीत आणि एक फलाटावर, असा प्रसंग येतो. आरएसीत, म्हणजे अर्ध्या पक्क्या तिकिटावर, साइड लोअरच्या एका बर्थवर दोघांना बसावे लागते. तो दुसरा आपलाच सोबती असेल तर रात्र सुसह्य होते.

महोत्सवाची प्रतिनिधी नोंदणी मात्र प्रत्येकाने स्वतंत्र करायची असते. ती ऑनलाइन असते. छायाचित्र आणि ओळखपत्र जोडावे लागते, अर्जाची छाननी होते आणि मंजुरी आल्यावरच ओळखक्रमांक मिळतो. शेवटच्या आठवड्यात अर्ज केला तर मंजुरीची वाट पाहत गाडीत बसावे लागते. नोंदणी झाली म्हणजे जागा मिळाली, असेही समजू नये. प्रत्येक खेळाची जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि नावाजलेल्या चित्रपटांच्या जागा पटकन संपतात. दोघांनी आपापल्या खात्यातून एकाच वेळी बुकिंग करावे. ठरवलेल्या खेळाला जाणे जमणार नसेल तर ती जागा वेळेत रद्द करावी, ती रांगेत उभ्या असलेल्या कोणाला तरी मिळते. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी रश लाइन असते. तिथे निदान तासभर आधी उभे राहावे. चित्रपट जितका कमी गाजलेला, तितकी त्या रांगेतून आत जाण्याची शक्यता जास्त.

मडगाव स्टेशनपासून कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचे, बसस्थानक थोडे लांब आहे. तिथून पणजीला थेट शटल मिळते, तिकीट बसमध्ये चढण्यापूर्वी खिडकीवर घ्यायचे. तासभराचा प्रवास. पणजी बसस्थानकापासून महोत्सवाच्या आयनॉक्स चित्रपटगृहापर्यंत दोनेक किलोमीटर आहे. गोव्यात दुचाकीवरून सोडणाऱ्यांना पायलट म्हणतात, एकट्याला ते सोयीचे. दोघांना दोन पायलट किंवा एक रिक्षा लागते, भाडे आधी ठरवून घ्यावे. चित्रपटगृहाच्या दारात सुरक्षा तपासणी होते आणि मोठी बॅग अडते. म्हणून पाठीवरच्या एका छोट्या सॅकमध्ये मावेल एवढेच सामान न्यावे. जास्त असेल तर मडगाव स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवावे. त्यासाठी बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचे तिकीट लागते. साध्या चेनच्या सॅकला कुलूप नसते, म्हणून ती परत करतात. दहा-वीस रुपयांचे छोटे कुलूप घरूनच न्यावे. खाण्यासाठी भडंगाची पुडी आणि दशम्या पुरेशा. दोन खेळांमधला वेळ रांगेतच जातो, हॉटेलात बसायला फुरसत नसते.

शनिवारी चार चित्रपट पाहता येतात, पाचवा धरू नये. रात्रभराच्या प्रवासानंतर पाचव्या चित्रपटात डोळे मिटतात आणि त्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती. दोन खेळांमध्ये एकाच संकुलात पाऊण तास ठेवावा. चित्रपटानंतर दिग्दर्शकाशी गप्पा असतील तर तो पाऊण तासही पुरत नाही. महोत्सवाचे पर्वरीचे चित्रपटगृह मांडवी नदीच्या पलीकडे आहे. पुलावर शनिवारी संध्याकाळी वाहनांची रांग लागते, म्हणून पणजीतल्या खेळानंतर लगेच पर्वरीचा खेळ घेऊ नये. रविवारी सकाळचा एकच चित्रपट आणि एक वाजता पणजी सोडायची. दीडच्या पुढे गेलात तर गाडी चुकण्याचा धोका आहे.

काय पाहावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. तरी आमचे स्पष्ट मत आहे की इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातले मराठी चित्रपट पुढे कुठे ना कुठे पाहायला मिळतात, त्यासाठी शनिवार खर्चू नये. सुवर्णमयूर या महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्काराच्या स्पर्धेतले परदेशी चित्रपट आणि नव्याने दुरुस्त केलेल्या जुन्या प्रती यांना अग्रक्रम द्यावा. मोठ्या पडद्यावर ते आपल्या जिल्ह्यात येत नाहीत. दोघांनी प्रत्येक वेळी एकत्रच बसले पाहिजे असेही नाही. एकाच वेळचे दोन चित्रपट वाटून पाहिले तर परतीच्या प्रवासात आठ चित्रपटांवर बोलता येते. आणि परतीची ती गाडी स्वतःच पाहण्यासारखी आहे. कुळ्याला मागे जादा इंजिने जोडतात, कारण कॅसलरॉकपर्यंतचा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. नोव्हेंबरात सूर्यास्तापूर्वी दूधसागर धबधबा डब्यातून दिसतो. तिथे खाली उतरण्यास मात्र मनाई आहे आणि रेल्वे सुरक्षा दल कारवाई करते.

आता मागणे. चित्रपटांचे दिवसवार वेळापत्रक महोत्सवाच्या तोंडावर जाहीर होते आणि रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी संपलेले असते. गोव्यातल्या किंवा विमानाने येणाऱ्या प्रेक्षकाला याने फरक पडत नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीच्या नोकरदाराला पडतो. आयोजकांनी निदान शनिवार-रविवारचे खेळ पंधरा दिवस आधी जाहीर करावेत, आणि स्पर्धेतल्या चित्रपटांचा एक तरी खेळ या दोन दिवसांत ठेवावा. रेल्वेने महोत्सवाच्या शुक्रवारी आणि रविवारी गोवा एक्स्प्रेसला मिरज ते वास्को या टप्प्यापुरता एक जादा स्लीपर डबा जोडता येतो का, ते पाहावे.

साताऱ्याची अडचण याहून साधी आहे. परतीची गाडी तिथे मध्यरात्रीनंतर पोहोचते. स्टेशन माहुलीच्या बाजूला, शहराबाहेर. त्या वेळी बस नसते, रिक्षा मिळाली तर तोंडाला येईल तो भाव. एकट्या बाईने तिथे उतरायचे कसे? एसटीच्या सातारा आगाराने रविवारी रात्री गाडीच्या वेळेला एक बस स्टेशन ते मध्यवर्ती बसस्थानक अशी सोडली आणि स्टेशनवर प्रीपेड रिक्षाची खिडकी सुरू झाली, तर ही सोय महोत्सवापुरती न राहता त्या गाडीने येणाऱ्या प्रत्येकाच्या कामी येईल.

आपले,
काही चित्रपटरसिक, सांगली