शाळेतले संगणक भंगारात काढण्याआधी

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

फोंड्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे फुकटची सुरक्षा अपडेट, काढून घेतला, तेव्हापासून गिऱ्हाईक येऊन एकच विचारतं, "हा आता भंगारात घालायचा?" घरच्या संगणकाचं ठीक आहे, मालकाला मी समजावतो. शाळेचा संगणक डेड स्टॉक रजिस्टरवर असतो. कुणी एकदा 'कालबाह्य' असा शेरा मारला की तो निर्लेखनाच्या, म्हणजे रजिस्टरवरून कायमचा काढून टाकण्याच्या, रांगेत जातो, आणि मग त्याचं झाकण उघडून बघायच्या फंदात कुणी पडत नाही.

मध्यंतरी आमच्याच अंत्रुज महालातल्या एका शाळेचा संगणक माझ्याकडे आला. प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, रॅम ८ जीबी. बटण दाबलं की नुसता पंखा फिरायचा. आपल्या पावसाळी हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. खोडरबराने घासून रॅम परत बसवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क घातली, आणि गडी धावू लागला. तरी विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. मायक्रोसॉफ्टला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ साली दुकानातून कोरा घेतलेला संगणकही अपात्र ठरू शकतो! पळवाटा आहेत, यूट्यूबवर हव्या तेवढ्या. पण तशा बसवलेल्या विंडोजला पुढे अपडेट मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. सरकारी मालावर तो उद्योग मी करणार नाही.

कंपनीने एक सोय ठेवली आहे, तीही सांगतो. जादा सुरक्षा अपडेट तीन वर्षं विकत मिळतात. कंपन्यांना पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर, शिक्षणसंस्थांना मात्र १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. तीन वर्षांचे मिळून सात डॉलर. माझ्याकडे आलेल्या एकाही शाळेला हे ठाऊक नव्हतं. शिक्षण खात्याला सोबत घेऊन आपण एक परिपत्रक काढलंत तर निदान घाईघाईची निर्लेखनं थांबतील.

पण ही झाली मुदतवाढ. प्रयोगशाळेतले संगणक सरळ लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट, मुक्त प्रणालीवर न्यावेत, असं माझं मत आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. त्यांच्या 'काइट' संस्थेने उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर बेतलेली प्रणाली शाळांसाठी तयार करून दिली आहे. आपल्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेत लागणारं स्क्रॅच, पायथन, आर्डुइनो हे सगळं लिनक्सवर फुकटात चालतं. अडचण येते ती शाळेच्या कचेरीत. प्रश्नपत्रिका अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात, आणि ते सॉफ्टवेअर विंडोजचं. शिवाय कुठल्याशा जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सला सापडत नाही. मग कचेरीतले एक-दोन संगणक राहू देत विंडोजवर, सात डॉलर भरून. मुलांच्या खोलीतल्या वीस संगणकांनी त्यांच्यापायी का मरावं?

(मराठी टायपिंगचं भय नको. इनस्क्रिप्टचा कळफलक लिनक्समध्ये आहे, आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर चौकोन होऊन बसत नाही.)

मनोहर पर्रीकरांच्या सायबरएज योजनेने गोव्यातल्या अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचवले. कित्येक घरांत आलेला तो पहिलाच संगणक. वाटप झालं की फोटो येतो. पाच वर्षांनी त्या यंत्राचं काय करायचं, हे मात्र वाटपाच्या फायलीत नसतं. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यांनुसार नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याकडेच माल द्यायचा. तो द्यावाच, पण खरोखर मेलेला असेल तेव्हा.

आणि पुढच्या खरेदीच्या निविदेत दोन ओळी घाला. या यंत्राला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ते पुरवठादाराने लेखी द्यावं. रॅम आणि डिस्क बदलता येण्याजोगी असावी, कारण हल्ली कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच झाळलेली येते आणि ती बिघडली की माझ्यासारख्याने हात टेकायचे.

प्रात्यक्षिक बघायचं असेल तर निर्लेखनाच्या यादीतला कुठलाही संगणक निवडा. मी पर्वरीला येऊन तुमच्यासमोर चालू करून दाखवतो. एसएसडीचे पैसे तेवढे खात्याने द्यावेत.

आपला,
फोंड्याचा एक संगणक दुरुस्तीवाला