व्हिलेज व्हॅनगार्डचा जिना दाखवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला जॅझ समजावून सांगायला बसला नाहीत, त्याचेच आधी आभार. "सोमवारी संध्याकाळी मोकळा आहेस ना?" एवढंच विचारलंत आणि जर्सी सिटीहून पाथ रेल्वे पकडून मला न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात घेऊन गेलात. जिना उतरलो तर खाली त्रिकोणी, ठेंगणी खोली. जेमतेम 123 माणसं मावणारी, आणि समोर सोळा वादकांचा ताफा! ट्रॉम्बोनची नळी पहिल्या रांगेतल्या बाईंच्या ग्लासला लागते की काय, याचीच मला धास्ती.

गाडीत तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर किती जणांना ऐकवलं असेल! 1935 साली मॅक्स गॉर्डन यांनी हे तळघर घेतलं ते कवी, लोकगीतं गाणारे, नकलाकार यांच्यासाठी. पूर्णवेळ जॅझ आलं 1957च्या सुमारास. त्याआधी 1948 मध्ये लॉरेनबाईंनी गळ घालून पियानोवादक थेलोनियस मंकना तिथे वाजवायला लावलं, तर ऐकायला कुणी फिरकेना. पुढे याच बाई मॅक्स यांच्या पत्नी झाल्या. 1989 मध्ये मॅक्स गेले, तेव्हा लॉरेनबाईंनी क्लब एक रात्र बंद ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उघडला. 2018 पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, त्यांनीच तो सांभाळला. माझ्या मते खरा क्लब त्यांचाच.

पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटाचं तिथलंच 25 जून 1961चं ध्वनिमुद्रण तुम्ही दिलंत, तेही त्या रात्रीनंतर. त्यात पियानोमागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. आधी ऐकलं असतं तर वैतागलो असतो. आता त्या आवाजांवरून टेबलं कुठे असतील, तेसुद्धा डोळ्यांपुढे येतं. त्या त्रिकुटात बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांत मोटार अपघातात गेला. वय अवघं पंचवीस. ते कळल्यापासून मी बासच ऐकत बसतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननी तिथे 'इंडिया' ही रचना वाजवली. रविशंकरांवरून ज्याचं नाव ठेवलं, तो त्यांचा मुलगा रवी पुढे त्याच मंचावर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलला होता, जणू घरातलंच कौतुक!

ठाण्याच्या घरगुती बैठकांत वाढलेल्या मला तिथे परकं वाटलं नाही. फक्त दाद द्यायची पद्धत निराळी. एकेकाचं वादन संपलं की टाळी. मध्येच "क्या बात है" म्हणालो तेव्हा तुम्ही हसलात, गप्प मात्र केलं नाहीत. तेवढ्यानं मी मोकळा झालो.

थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी 1966 मध्ये सुरू केलेली, दर सोमवारी मोठ्या ताफ्यानं वाजवायची ती प्रथा अजून चालू आहे. पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारची दोन तिकिटं काढली आहेत, पैसे द्यायला निघू नका. तिथे खायला काही मिळत नाही, तेव्हा आमच्याकडेच जेवून निघू. पिठलं-भात करतो.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा शेजारी