आई-बाबा, मंगळवारी फायबरवाला येईल

पुणे
रविवार, २४ मे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

उद्यापासून नवतपा लागतो. खिशात कांदा असला तरी अकरा ते पाच बाबांनी बाहेर पडायचं नाही, हे आधी लिहून ठेवते.

आता मुद्द्याचं. घरी फायबरचं इंटरनेट घ्यायचं मी ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे फॉर्म भरला, पैसे भरले, तारीखही घेतली: मंगळवार, २ जून, सकाळी नऊ ते अकरा. तुम्हाला न विचारता केलं, ते मला बोचतंय. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "आम्हा दोघांना काय करायचं त्याचं?" आणि आई म्हणाली असती, "दिवाळीनंतर बघू." मधे अख्खा पावसाळा गेला असता. खांबावरचा डबा उघडून जोड मारायचं काम मृगाआधीच झालेलं बरं, जोडात ओल शिरली की पुढे त्रास होतो. रागवायचं तर माझ्यावर रागवा, दादावर नको. त्याला मीच गप्प राहायला सांगितलं होतं.

बाबा, लँडलाइनचं तुम्हाला सगळ्यात जास्त वाटेल, म्हणून तेच आधी. नंबर तोच राहणार, तसं मी लेखी मागून घेतलंय. बैठकीतला फोन तोच, तिपाईही तीच. बदलते ती फक्त बाहेरून येणारी तार. तांब्याच्या तारेच्या जोडात पाणी गेलं की खरखर सुरू होते, आणि जवळपास वीज पडली की झटका तारेतून थेट मोडेमपर्यंत येतो. आपली दोन मोडेमं तशीच गेली. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो, त्यातून झटका यायला वाटच नाही. शिवाय मधल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, हे मागच्या ऑगस्टमध्ये आपण पाहिलंच. त्या रात्रीचं मी पुन्हा काढत नाही. वायफाय आलं की मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करता येतं. मग टॉवरची एक काडी नसली तरी तुमच्या नेहमीच्याच नंबरवर, पलंगावर पडल्या पडल्या, फोन येतोही आणि लागतोही. मला एवढ्यासाठीच हवंय हे. बाकी सिनेमे-बिनेमे बघावेसे वाटले तर बघा.

एक गोष्ट कमी होते, ती लपवत नाही. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून घरची लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही. फायबर घरात ज्या मोडेमसारख्या डब्याला जोडतात, तो भिंतीवरचा डबा बंद पडला की फोनही बंद. त्याची तजवीज पुढे लिहिली आहे, ती वाचल्याशिवाय "जुनंच बरं होतं" म्हणू नका.

डबा बैठक आणि मधली खोली यांच्यातल्या भिंतीवर लावायचा, बैठकीच्या बाजूने, बाबांच्या खांद्याएवढ्या उंचीवर. पश्चिमेच्या भिंतीवर अजिबात नाही. ती भिंत संध्याकाळी हात लावू देत नाही, आणि हे डबे साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतं. कूलरची गार हवा खोलीत असावी, पण डबा झोताच्या समोर नको. बारीक तुषार आत गेले की पिना गंजतात. लोखंडी आलमारीच्या मागे नको, टीव्हीच्या पाठीमागे नको. कूलरचं पत्र्याचं धूड आणि त्यातलं पाणी, दोन्ही वायफाय अडवतात, म्हणून डबा आणि पलंग यांच्या मधे कूलर येता कामा नये. आई, तू डब्यावर विणलेला रुमाल घालशील हे मला माहीत आहे. नको घालू. त्याला वारा लागू दे.

तिथे बोर्ड नाही. फायबरवाला मुलगा विजेचं काम करत नाही, त्यामुळे आपल्या इलेक्ट्रिशियनला शनिवारीच बोलवा. पाच पिनांचे दोन सॉकेट हवेत, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर. त्याने "इन्व्हर्टरवर घेतलं" म्हटलं की मेन बंद करून मोबाइलचा चार्जर लावून बघा, नुसत्या शब्दावर ठेवू नका. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक यूपीएस आणि ईको असा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवायचा. ईकोवर लाइट जाता-येता मधे एवढा खंड पडतो की डबा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि फोन दोन-तीन मिनिटं जातो. इन्व्हर्टरही बसला तर म्हणून डब्याला लागणारा छोटा यूपीएस मी इथून पाठवते. तो आधी विकत आणू नका. डब्यासोबत आलेल्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच्या पुढे १, दीड की २ अँपिअर लिहिलंय, त्याचा फोटो मला पाठवा, त्याप्रमाणेच घ्यावा लागतो.

आता वायर. खांबावरून येणारी ड्रॉप केबल चपटी, काळी, शेवयांच्या पुडक्यावरच्या फितीएवढी बारीक असते, आणि कडेला पोलादी तार. ती तार पोर्चच्या हुकाला ताणून बांधायची आणि तिथेच तोडायची, घरात आणायची नाही. केबल कडुनिंबाच्या फांदीला घासून आणू देऊ नका. वाऱ्याने फांदी हलते, सहा महिन्यांत साल सोलली जाते, आणि खारींचा त्रास वेगळा. गच्चीच्या कोपऱ्यावरून घेतली तर झाड टळतं. कपडे वाळवायच्या तारेला बांधायची नाही. फाटकावर पाण्याचा टँकर खालून आरामात जाईल इतकी उंच हवी. आणि संक्रांतीनंतर तिच्यावर मांजा लटकलेला दिसला तर बाबांनी खालून ओढायचा नाही.

घरात शिरायला त्यांना सगळ्यात सोपी वाटते ती कूलरची खिडकी, कारण फट आयतीच असते. तिथे ठाम नाही म्हणा. पावसाळ्यात कूलर काढताना केबल हमखास ओढली जाते. टेलिफोनची जुनी पाइप पोर्चमधून थेट बैठकीत येते, तीच वापरायची. इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर त्याच्याकडून त्या पाइपमधून कडक जीआय तार आरपार घालून बघा. अडली तर बहुधा कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असेल, दोन-चार ठोशांत फुटतं. तार निघाली की तिला नायलॉनची दोरी बांधून दोरी पाइपमध्ये ओवून ठेवायची, दोन्हीकडे हातभर बाहेर. मंगळवारी पाच मिनिटांचं काम होईल. जुनी टेलिफोनची तार मात्र त्या दिवशी ओढू नका, नवा फोन सुरू होईपर्यंत ती लागेल.

पाइप नाहीच मोकळी झाली तर भोक. आपली भिंत नऊ इंची, वर दोन्हीकडचं प्लास्टर, म्हणजे फुटभर लांब बिट लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो. मुलगा निघायच्या आधी त्याला फोनवर विचारून घ्या. भोक आतून बाहेर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून ओघळत सोफ्यामागे येतं. बाहेर केबल भोकात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्यायची, थेंब झोळावरूनच पडून जातो. स्विचबोर्डच्या सरळ वर ड्रिल लावू द्यायचं नाही, आत विजेची पाइप उभी गेलेली असते. शेवटचा इंचभर हळू, नाहीतर बाहेरचा रंग ताटलीएवढा उडतो. उरलेली फट व्हाइट सिमेंटने बंद, म्हणजे मुंग्याही नाहीत.

आई, हा पुढचा भाग तुझा. फायबर काच आहे, वळवली तर चालते, दुमडली की प्रकाश बाहेर गळतो आणि इंटरनेट रडतखडत चालतं. किती वळवायची त्याचं माप तुझ्या हातात आहे. तुझी दोन-सहाची बांगडी आतून बरोबर ६० मिलिमीटर भरते, आणि या तंतूचं वेटोळं त्याहून लहान करायचं नाही, असं धरून चाल. हल्लीच्या केबलला थोडं जास्त वळलेलं चालतं, पण आपण बांगडीवरच थांबायचं. मुलगा उरलेली केबल गुंडाळून डब्यामागे कोंबायला लागला की एक बांगडी काढून त्याच्या हातात दे. कोपऱ्यात, दाराच्या चौकटीशी, सगळीकडे तीच लावून बघ. मी त्याच बांगड्या कोपरापर्यंत चढवून घरभर फिरायची आणि तू ओरडायचीस, फुटतील म्हणून. आता तूच त्याच्यावर लक्ष ठेव. क्लिपा सैल ठोकायच्या, केबल चेपली जाईल इतक्या नाहीत. आत दीड-दोन मीटर केबल जास्तीची ठेवायला सांग. टोक पुन्हा करायची वेळ आली तर नवी ओढावी लागत नाही.

तो टोक सोलतो, काच कापतो. ते तुकडे केसापेक्षा बारीक असतात आणि दिसत नाहीत. खाली जुना पेपर पसरून ठेव, नंतर पेपर दुमडून टाकून दे. झाडू नको लावूस, आधी चिकटपट्टी दाबून उचल, मग ओलं फडकं. तोवर अनवाणी तिकडे जायचं नाही. आणि बाबा, उघड्या टोकात प्रकाश दिसतो का म्हणून डोळा लावून बघायचं नाही. त्यातला प्रकाश दिसणारा नसतोच.

त्याच्याजवळ पॉवर मीटर असतो, जोडणी झाली की प्रकाश किती पोचतो ते त्यावर दिसतं. आकडा विचारून बाबांनी डायरीत लिहून घ्यावा, तारखेसकट. तो उणेमध्ये येतो: उणे १८ ते उणे २३ छान, उणे २७ च्या आसपास डबा धरसोड करायला लागतो. उणे २५ च्या खाली गेला तर "टोक पुन्हा मारून द्या" म्हणा. संकोच करू नका, त्यांना दहा मिनिटं लागतात. पुढे कधी बिघडलं तर हाच आकडा कामाला येतो.

स्वयंपाकघरातला पॅरलल फोनही चालेल. डब्याच्या मागच्या फोनच्या पोर्टातून छोटी वायर जुन्या रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीला, जोडायची. पण त्याआधी बाहेरून येणारी जुनी जोडी सोडवलीच पाहिजे, नाहीतर दोन्हीकडून व्होल्टेज येऊन पोर्ट जळतो. हे त्याला दोनदा सांगा.

कागद थोडेच: आधारची झेरॉक्स, शेवटचे चारच आकडे दिसणारी, तिच्यावर "फक्त इंटरनेट जोडणीसाठी" आणि तारीख. रोख एक रुपया द्यायचा नाही, सगळं भरलंय. जोडणीचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येईल, मी सांगेन. तुमच्या मोबाइलवर आलेला कुठलाही आकडा कुणाला सांगायचा नाही.

नंतर डबा रात्री बंद करायचा नाही, बाबा. दहा वॉट खातो, महिन्याला सात-आठ युनिट. डब्यावर पॉन (PON) लिहिलेला हिरवा दिवा स्थिर म्हणजे सगळं ठीक. एलओएसचा (LOS, म्हणजे प्रकाश पोचत नाही) लाल लुकलुकला तर हिरव्या टोकाची पिन नीट आत बसली आहे का बघा, केबल कुठे दबली का बघा, डबा एक मिनिट बंद करून चालू करा. तरी लाल असेल तर तक्रार, पुढचं त्यांचं काम. मागच्या बारीक भोकात पिन घालायची नाही, सगळी सेटिंग पुसली जाते.

मंगळवारी नाश्ता आणि साखरेची गोळी वेळेवर, मुलगा यायची वाट बघत बसायचं नाही. तो उशिरा आला तरी चालेल. बाबांनी शिडी धरायचीसुद्धा नाही. गुडघ्यासाठी म्हणतेय, तुम्हाला जमत नाही म्हणून नाही. आई त्याला पन्हं देईलच, मी कशाला सांगू.

एक राहिलं. बाबा, बैठकीतला फोन उलटा करा. तळाला छोटा खटका आहे, पी आणि टी. आपला वर्षानुवर्षं पीवर आहे, म्हणून डायल करताना टकटक वाजतं. फायबरच्या बऱ्याच डब्यांना ती टकटक कळत नाही, रिंग येते पण नंबर लागत नाही. आजच टीवर सरकवा आणि मला लावून बघा. लागला तर मंगळवारनंतरही त्याच फोनवरून लागेल. मी नऊनंतर घरीच आहे.

तुमची,
मनू